चौदा नंबरचा पॅच

माझ्या गिटारच्या डिले पेडलचा एक फुटस्विच बिघडला होता. एकदा दाबला की दोनदा लागायचा. काम एवढंच होतं आणि सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर मी ते स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. पेडल परत आलं तेव्हा स्विच नव्यासारखा चालत होता, पण आतले माझे सगळे पॅच, म्हणजे साठवलेली सेटिंग, पुसलेले होते. का, तर दुरुस्ती झाली की फॅक्टरी रीसेट मारायची तिथली पद्धत. या गोष्टीला बराच काळ लोटला, तरी माझा राग उतरलेला नाही.

मी वाद्यवृंदात गिटार वाजवतो. पुण्यातून निघायचं आणि ठाणे, नाशिक, कोल्हापूर, जिथे कार्यक्रम असेल तिथे जायचं. एका संध्याकाळी वीस-पंचवीस गाणी. 'हरे रामा हरे कृष्णा'पासून (१९७१) 'सैराट'पर्यंत (२०१६) काहीही येतं आणि प्रत्येक काळाची गिटार निराळी वाजते. निवेदक दोन वाक्यं बोलतो तेवढ्यात वाकून चार पेडलांचे नॉब फिरवणं होत नाही, म्हणून पायाशी मिडी कंट्रोलर ठेवला. एक बटण दाबलं की डिले, कोरस, रिव्हर्ब सगळे एकदम त्या गाण्याच्या जागेवर येतात.

लोकांना वाटतं, आवाज कंट्रोलरमध्ये साठवलेले असतात. तसं नसतं. मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही, जातात ते आकडे. प्रोग्रॅम चेंज नावाचा संदेश फक्त दोन बाइटचा असतो. कोणत्या चॅनलसाठी, हे पहिल्यात. कितवा पॅच, हे दुसऱ्यात. सेकंदाला ३१,२५० बिट हा मिडीचा वेग, त्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच निरोप पोचतो. १९८३च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या 'नॅम' प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर मिडीच्या केबलने जोडून दाखवले गेले. मिडी घडवण्यात पुढाकार घेणाऱ्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी आपापली वाद्यं एकाच भाषेत बोलती केली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रोग्रॅम चेंजचा निरोप एकतर्फी असतो. कंट्रोलर सांगतो, '१४'. पेडलच्या चौदा नंबरच्या घरात आता कोण राहतं, ते तो विचारत नाही, आणि पेडलही कळवत नाही.

पेडल परत आल्यावर ठाण्याच्या गडकरी रंगायतनला दुपारी साउंड बॅलन्सिंग सुरू होतं. 'कर्ज'मधला (१९८०) गिटारचा तो प्रसिद्ध पीस, गोरख शर्मांनी वाजवलेला, आमच्या कार्यक्रमात मध्यंतरानंतर लगेच येतो. कंट्रोलरवर 'कर्ज लीड', म्हणजे चौदा नंबर, दाबलं. स्क्रीनवर नाव बरोबर, दिवा बरोबर, आणि स्पीकरमधून उलट्या फिरवलेल्या टेपसारखं काहीतरी आलं, वर एक सप्तक चढलेलं. काही पेडलं ० पासून मोजतात, काही १ पासून, म्हणून पहिला संशय आला तो आकडा एकाने सरकल्याचा. तेरा लावून पाहिला, पंधरा लावून पाहिला. दोन्ही परके. मग कंट्रोलर बाजूला ठेवून पेडलवरच एकेक नंबर उघडत गेलो. सगळे कंपनीचे नमुन्याचे पॅच होते. माझा एकही नव्हता.

विंगेतून सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा माणूस उद्धट नव्हता, हे सांगायला हवं. तो म्हणाला, "सर, पेडल ओके आहे ना? रीसेट मारूनच टेस्ट करतो आम्ही, नियम आहे." मी म्हटलं, माझा डेटा होता त्यात. तो म्हणाला, पावतीच्या मागे छापलंय, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. पावती उलटून पाहिली. खरंच छापलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. पण स्विच हा एक सुटा भाग आहे. तो काढून दुसरा झाळायला मेमरीला हात लावावा लागत नाही. बटण लावायला दिलेला सदरा शिंप्याने शिवण उसवून परत द्यावा, असं ते होतं. आणि पुसताना कुणाला क्षणभरही वाटलं नाही की या माणसाला एक फोन करावा. नंबर फॉर्मवर होता.

ज्यांना वाटतं की पॅच काय, पुन्हा करता येतो, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डिलेची वेळ गणिताने निघते. साठ हजार भागिले टेम्पो. १२० टेम्पोला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, आणि ठोक्याच्या पाऊण अंतरावरचा डिले ३७५चा. पण आमचा ऑक्टोपॅडवाला गर्दी भरली की गाणं किंचित वर उचलतो. म्हणून माझा आकडा गणितातला नव्हता, त्याच्या हातातला होता. रिकाम्या सभागृहात गोड वाटणारं रिव्हर्ब माणसं बसली की गायब होतं. अमुक गायिकेच्या तार सप्तकाखाली गिटारची धार कमी करावी लागते. हे सगळं कार्यक्रमागणिक, एकेक टक्क्याने, त्या पेडलमध्ये साठत गेलं होतं. ते लिहून ठेवता येईल असं नव्हतंच, कारण पडद्याआड तीस-तीस सेटिंग असतात. वरच्या नॉबचा फोटो काढून त्यातलं काही कळत नाही. काही यंत्रांत सिस्टीम एक्सक्लुझिव्ह संदेशाने सगळी मेमरी संगणकावर उतरवता येते. माझ्या दुसऱ्या यंत्रात, इफेक्ट प्रोसेसरमध्ये, ती सोय आहे आणि त्याचा बॅकअप माझ्याकडे असतोच. या पेडलमध्ये ती दिलेलीच नव्हती. नवीन पेडल घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगतो: आवाज ऐकण्याआधी विचार, यातली मेमरी बाहेर काढता येते का? दुकानदार हसेल. हसू दे.

त्या संध्याकाळी तिसऱ्या घंटेपर्यंत जे जमलं ते केलं. ज्या गाण्यांत गिटार पुढे असते त्यांचे पॅच घाईघाईने बांधले, बाकीच्यांना एकच साधा डिले. कार्यक्रम छान झाला. वन्स मोअरही मिळाला, नेमका 'कर्ज'लाच. कीबोर्डवाला म्हणाला, आज लीड मोकळी वाटली. आणि ते खरं होतं. जुन्या पॅचमध्ये मी कालांतराने इतके पदर चढवले होते की मूळ पीसची ओढ त्याखाली दबली होती. नवा पॅच दोन पुनरावृत्तींतच थांबणारा, कोरडा. तोच आजही वाजवतो. पुढे बाकीचे बांधतानाही लक्षात आलं की निम्म्या गाण्यांना वेगळ्या पॅचची गरजच नाही. हे कबूल केलं की मित्र म्हणतात, मग त्यांनी तुझं भलंच केलं. नाही. माझ्या घरातली अडगळ मी काढीन, किंवा ठेवीन. आणि गेलेल्यांत एका मराठी भावगीताच्या सुरुवातीसाठी केलेला एक पॅच होता, तो मला अजून परत सापडलेला नाही. वेळ जुळते, रंग जुळत नाही.

मध्यंतरी आमच्या बेसिस्टचा प्रोसेसर त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. माझ्या अनुभवामुळे त्याने फॉर्मवर लाल पेनाने, मोठ्या अक्षरात 'रीसेट करू नये' असं लिहिलं आणि काउंटरवरच्या मुलाची खाली सही घेतली. यंत्र दुरुस्त होऊन आलं. सगळे पॅच जागच्या जागी होते. मी त्याच माणसाला फोन करून विचारलं, नियमाचं काय झालं? तो म्हणाला, "सर, कस्टमरने लिहिलं असेल तर नाही मारत आम्ही." फॉर्मवर त्यासाठी एक छापील रकाना घाला, असं मी त्याला तेव्हाच सांगितलं. परवा पुन्हा जाऊन फॉर्म पाहिला. रकाना नाही.