टाकणें म्हणजे कोठें टाकणें?

आमचें सारें आयुष्य मुलांना व्याकरण शिकविण्यांत गेलें. कर्ता आला कीं क्रियापदाची आणि सकर्मक क्रियापद आलें कीं कर्माची आकांक्षा उत्पन्न होते, हें आम्हीं शेंकडों वेळां फळ्यावर लिहिलें असेल. परंतु ‘केर टाकला’ या वाक्यांत ‘कोठें?’ हा प्रश्न उरतो, हें साठी उलटल्यावर, आणि तेंहि दारीं केर नेण्यास येणाऱ्या बाईंच्या हातावरील चिंधीमुळें, आम्हांस कळलें.

झालें असें कीं, नातवाच्या हातून काचेचा पेला फुटला. आम्हींच तुकडे गोळा केले आणि भाजीच्या देठांसह एकाच टोपलींत लोटून दिले. अकरा माणसांचें घर. टोपली भरली आणि सकाळीं रिकामीहि झाली. दुसऱ्या दिवशीं बाई हाताला चिंधी बांधून आल्या. सूनबाईंनीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, “काच लागली. कुणाच्या घरची, कुणास ठाऊक!”

आम्ही आंत वर्तमानपत्र वाचीत होतों. आम्हांस ठाऊक होतें. तरी तोंडांतून शब्द निघाला नाहीं.

चार दिवस मन खात राहिलें. पांचव्या दिवशीं आम्ही स्वतः टोपली घेऊन दारांत उभे राहिलों आणि अपराध कबूल केला. बाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “गुरुजी, घरातच निराळं करून दिलंत तर आम्हांला आत हात घालावा लागणार नाही.”

आमच्या घरांत सोवळें-ओवळें पिढ्यान्‌पिढ्या पाळलें गेलें. उष्टें, खरकटें, शिळें यांचे भेद आमच्या मातोश्री झोपेंतहि चुकल्या नसत्या. निर्माल्य पायदळीं जाऊं नये म्हणून तें तुळशीच्या मुळाशीं जाई. वेगळें ठेवण्याची एवढी विद्या ज्या घरांत, तेथें ओला व सुका केर वेगळा ठेवतां येऊं नये? खरें कारण असें कीं, उंबऱ्याबाहेर गेलेली वस्तु ज्याच्या हातीं पडते त्याचा विचार आम्हीं कधीं केलाच नाहीं. उलट तो हातच दूर ठेवला.

आमच्या पुण्यांत कागद, काच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांनीं १९९३ सालीं आपली पंचायत उभारली. तिच्यांतूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ सालीं घरोघर केर गोळा करण्याच्या कामास लागली. आणि शहराचा केर वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत पडत गेला; तेथील विहिरींचें पाणी नासलें. ‘कोठें?’ याचें उत्तर हें असें आहे. २०१६ च्या सरकारी नियमांनीं केर घरींच निराळा करणें प्रत्येक घराचें कर्तव्य ठरविलें; आम्हांस मात्र चिंधी दिसेपर्यंत जाग आली नाहीं.

आतां आमच्या घरीं तीन पात्रें आहेत: ओल्याचें, सुक्याचें आणि घातक वस्तूंचें. ओला केर गच्चीवर, भोंकें पाडलेल्या पिंपांत, वाळलेल्या पानांच्या थरांआड जातो. दोन-तीन महिन्यांत त्याचें खत होतें. वास येऊं लागला तर ओल अधिक झाली असें समजून सुकीं पानें घालावीं व ढवळावें. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापतांना तो पिशवीस चिकटूनच राहूं द्यावा. सुटा पडलेला चिमुकला तुकडा वेंचणाऱ्याच्या हातीं लागत नाहीं. पिशवी विसळून, वाळवून द्यावी. काच, पातें, सुई जाड कागदांत गुंडाळावी, वर तसें लिहावें आणि देतांना तोंडानेंहि सांगावें. सर्वांत उत्तम म्हणजे केरच होऊं न देणें. रात्रीच्या भाताला सकाळीं फोडणी आणि जुन्या लुगड्यांची गोधडी, हें आमच्या आजीला कोणी नियम करून सांगितलें नव्हतें.

वाचकांनीं आज फार कांहीं करूं नये. टोपली दारांत ठेवण्यापूर्वीं तींत एकदां आपला स्वतःचा हात घालून पाहावा.