शेंदून आणलेलं

आमच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांपैकी खालून तिसरी पायरी रात्री कधी रिकामी नसते. वायफाय तिथे सगळ्यात चांगलं लागतं. का, ते कोणालाच धड सांगता येत नाही. आतल्या राऊटरचा आणि बाहेरच्या दगडी खांबाचा आपापसात काही करार झालेला असावा. चौथ्या पायरीवर व्हिडिओ अडकतो, दुसऱ्या पायरीवर डास फोडून काढतात. जुलैत नवी मुलं येतात, आठवडाभर हॉस्टेलच्या गच्चीवर, कँटीनच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी फोन उंच धरून हिंडतात आणि मग कोणीतरी सीनियर त्यांना या पायरीवर आणून बसवतो.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला गावातला आड आठवला. माण तालुक्यातलं गाव, म्हणजे पाण्याची कथा वेगळी सांगायला नको. उन्हाळ्यात कोणत्या बाजूनं पोहरा सोडला की तो नेमका झऱ्यावर पडतो, हे बायकांना पाठ असायचं. आई नेहमी उत्तरेच्या कोपऱ्यात उभी राहायची. नव्या सुनेला हा कोपरा दाखवायचा की नाही, हे तिच्या सासूशी आपलं किती पटतं त्यावर ठरायचं.

१९९८ साली मराठीत एम. ए. करायला मी विद्यापीठात आले, तेव्हा इंटरनेटही असंच एका जागी असायचं. त्याला खोली होती. खोलीला कुलूप, आत एसी, दाराबाहेर चपलांचा ढीग. एक रजिस्टर होतं, त्यात नाव, विभाग, वेळ लिहायची आणि आठवड्याला अर्धा तास मिळायचा. मोडेम आधी टेलिफोनसारखा घुमायचा, मग जात्यात खडा आल्यासारखा घरघरायचा आणि गप्प झाला की लागलं म्हणायचं. अर्ध्या तासातली दहा मिनिटं या दळणातच जायची. मी रजिस्टरमध्ये विभागाचं नाव लिहिलं तेव्हा तिथले गृहस्थ कुतूहलानंच म्हणाले, ‘‘मराठीला काय लागतंय इंटरनेट?’’

राग आला होता. आज वाटतं, प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. त्या दिवशी मला नेमकं काय पाहायचं होतं, ते मलाही सांगता आलं नसतं. माझी रूममेट भौतिकशास्त्राची. तिच्या विभागात ईमेल हा शब्द खडूइतका रुळलेला होता, आणि तिच्यामुळे मला तहान लागली होती, इतकंच. पुढे कित्येक महिने तिच्या अर्ध्या तासात मी शेजारच्या स्टुलावर बसायचे. शेवटची पाच मिनिटं ती मला द्यायची. भरल्या हंड्यातलं कळशीभर.

भौतिकशास्त्राला आधी आणि मराठीला मागून, यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पाणी ज्या वाटेनं आलं ती वाटच तशी होती. १९८६ साली सरकारनं ‘अर्नेट’ नावाचं शिक्षण आणि संशोधनासाठीचं जाळं सुरू केलं, तेव्हा त्यात मोजून आठ संस्था होत्या. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. सगळी मंडळी गणिताची नाहीतर यंत्रांची. सामान्य माणसाला व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी. विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांना जोडायचं ‘इन्फ्लिबनेट’ १९९१ साली सुरू झालं, तेही पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मांडवाखाली. तारे मोजणाऱ्यांच्या घरी ग्रंथालयांचं बारसं व्हावं, हे मला फार आवडतं. भाषेची माणसं या सगळ्या बारशांना घुगऱ्या खायलासुद्धा नव्हती.

आणि पाणी आमच्यापर्यंत आलं तेव्हा आमचं भांडं गळकं निघालं. मराठी तेव्हा फॉन्टच्या मर्जीवर जगत होती. ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं तोच फॉन्ट समोरच्याच्या संगणकात असला तर ती मराठी, नसला तर एबीसीडीची उसळ. एका दिवाळी अंकाला मी मोठ्या हौसेनं लेख ईमेल केला. संपादकांचा फोन आला, ‘‘बाई, हे काय शिव्याशाप पाठवलेत?’’ मग फॉन्ट एका फ्लॉपीवर उतरवला, जुन्या पाकिटात पुठ्ठा घालून फ्लॉपी पोस्टानं रवाना केली, आणि पाच दिवसांनी त्या ईमेलमधला लेख वाचता आला. गंमत अशी की युनिकोडमध्ये देवनागरीला तिची जागा १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच मिळाली होती. पण ती वापरता येईल असे संगणक आमच्या विभागात यायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर विंडोज ९८ च्या त्या खोक्यांवर आम्ही आमची जोडाक्षरं जमेल तशी वाहत राहिलो.

पाणवठ्याच्या या आठवणीत रमताना एक गोष्ट मी सोयीनं बाजूला ठेवत होते. उत्तरेच्या कोपऱ्यात आई उभी राहायची, पण त्या कोपऱ्यात कोणाला उभं राहता येत नव्हतं? आजी सांगायची, तिच्या वेळी काही बायका आडाच्या कट्ट्याखाली रिकामी मडकी घेऊन तासन्‌तास बसून असायच्या. कोणाला दया आली तर वरून ओतायचं. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना चालत जावं लागलं, ते याच मराठी मुलखात. संगणकाच्या खोलीशी याची तुलना मी करणार नाही. त्या यातनेला इतकं स्वस्त करू नये. पण हे ध्यानात आल्यापासून कुठेही रांग, रजिस्टर किंवा पासवर्ड दिसला की कट्ट्याच्या खाली कोण बसलंय, तिकडे माझी नजर आधी जाते.

पीएच.डी.च्या वेळी मला दुसऱ्या विद्यापीठातला एक प्रबंध पाहायचा होता. मार्गदर्शकांचं पत्र घेतलं, रात्रीची एसटी पकडली, सकाळी स्टँडवर तोंड धुतलं. ग्रंथपालांनी प्रबंध दिला, पण झेरॉक्स काढायला परवानगी नव्हती. तीन दिवस बसून हातानं उतरवून घेतला. त्या वहीतला मजकूर मला अजून आठवतो, कारण तो बोटांतून गेला होता. २००९ साली यूजीसीनं प्रबंधांची ई-प्रत देणं बंधनकारक केलं आणि पुढे ‘शोधगंगा’त ते सगळ्यांसाठी खुले झाले. आज माझी एक विद्यार्थिनी असा प्रबंध बसस्टॉपवर उभ्या उभ्या उघडते. तिला हाताला घट्टे पाडून घ्यायला सांगणारी मी कोण? ‘आमच्या वेळी’ असं तोंडावर आलं की मी गिळून टाकते. शिवाय माझ्याच लॅपटॉपवर ‘वाचायचं’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात चारेकशे पीडीएफ आहेत. घरात नळ आल्यावर तहान किती उरते, याचा तो दाखला.

तसा नळ आला २०१६ च्या सप्टेंबरात, जिओच्या रूपानं. वर्षभरात प्रत्येकाच्या खिशात तोटी. मला वाटलं, पायरी आता ओस पडणार. पडली नाही. रोजचा दीड जीबी संध्याकाळी सात-साडेसातला संपतो आणि माणसं पुन्हा पायरीवर येतात. ज्यांचा संपत नाही, त्यांच्या खोलीत दुसरं कनेक्शन असतं, आणि ते पायरीवर कधी दिसत नाहीत. कोण कुठून आलंय हे मला हजेरीपटापेक्षा या पायरीवरून जास्त कळतं.

मार्च २०२० मध्ये पायरीसुद्धा गेली. कॅम्पस आठ दिवसांत रिकामा झाला, मुलं आपापल्या गावी पोचली आणि आम्ही स्क्रीनवर काळ्या चौकोनांना शिकवू लागलो. अठ्ठावीस नावं, अठ्ठावीस काळे चौकोन. ‘‘आवाज येतोय का?’’ या प्रश्नावर त्या वर्षी मी जितकी बोलले असेन, तितकी तुकारामांवर बोलले नाही. मग व्हिडिओचा नाद सोडला. पहाटे पाचला उठून व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करायचे, सात-आठ मिनिटांच्या, अंगानं हलक्या, कशाही रेंजमधून पलीकडे जातील अशा. पलीकडची उत्तरं दिवसभर ठिबकत राहायची. कोणी शेळ्या घेऊन टेकाडावर गेला की त्याला माझ्या नोट मिळायच्या, कोणाला झेडपीच्या शाळेच्या टाकीवर चढल्यावर. एकीचा रात्री अकराला मेसेज असायचा, ‘मॅम, आत्ता आलं.’ तिच्या घरात फोन एकच होता आणि तो भावासोबत कामावर जायचा. एकदा तिनं उलटी व्हॉइस नोट पाठवली. प्रश्न ओवीबद्दल होता, मागे रातकिडे आणि कोणाचं तरी खोकणं. अशी शांत वर्गचर्चा मी वर्गात कधी ऐकली नव्हती.

त्याच दिवसांत एका पीएच.डी.च्या मुलाचा फोन आला. कॅम्पसवर सहज उघडणारी संशोधनपत्रिका गावाहून उघडत नव्हती. पैसे मागत होती, तेही डॉलरमध्ये. विद्यापीठानं घेतलेली वर्गणी कॅम्पसच्या आयपी पत्त्याला ओळखते, मुलाला ओळखत नाही, हे त्याला समजावताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. बाहेरून लॉगिन करायची सोय असते, ती पुढे त्याला मिळालीही. पण आधी कोणी सांगितली नव्हती. उत्तरेचा कोपरा, दुसरं काय.

आता १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही सरकारची योजना आहे. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३,००० च्या घरात नियतकालिकं, ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था, जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. ज्या इन्फ्लिबनेटचं बारसं आयुकात झालं, तेच याचा कारभार पाहतं. एवढं मोठं धरण बांधल्याचा मला आनंदच आहे. प्रकाशक बहुतेक आंतरराष्ट्रीय, म्हणजे आमच्या विभागाच्या पाटाला किती पाणी येणार हे उघड आहे. पण धरणाखालच्या प्रत्येक शेतात ऊस लावायचा नसतो.

परवा रात्री घरी निघायला उशीर झाला. परीक्षेचे दिवस, पायरी गच्च. कडेला, खांबाच्या सावलीत, आमच्या गेटवरचे सिक्युरिटीमामा टोपी काखेत धरून उभे होते. हातात फोन, फोनमध्ये एक लहान मुलगी करडू उचलून कॅमेऱ्यासमोर धरत होती. करडाचा कान तेवढा दिसत होता. मामा हसत होते आणि ‘‘अगं, खाली घे, खाली,’’ म्हणत होते. मला पाहिलं आणि गडबडीनं टोपी चढवली.

‘‘दोनच मिनिटं, मॅडम. डबल ड्यूटी हाय आज.’’

‘‘बोला की निवांत,’’ म्हटलं. ‘‘तुम्हांला दिलंय का आता वायफाय?’’

‘‘आम्हांला कुठलं. आमी कंत्राटी.’’ त्यांनी पायरीवरच्या एका मुलीकडे हनुवटीनं दाखवलं. ती वर न बघता टाइप करत होती. ‘‘त्या ताईंनी त्यांचं टाकून दिलंय.’’

मी दोन पायऱ्या उतरले. मागून त्यांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत.

‘‘मॅडम, एक तारखेला सगळ्यांचे पासवर्ड बदलणार म्हणतेत, खरंय का?’’