हायवे, मैदान आणि बंदर: नाचणारं मीरा-भाईंदर

कोरियन सीरियल्स बघून बघून सोलची नाइटलाइफ आता आपल्याला तोंडपाठ झालीय. होंगदेच्या रस्त्यावर नाचणारी पोरं, इतेवॉनच्या गल्ल्या, गंगनमचे झगमगीत क्लब! तिथली मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि पहाटे साडेपाचच्या आसपास पुन्हा सुरू होते. शेवटची गाडी चुकली की पहिली येईपर्यंत नाचा, असा सोपा हिशेब. आपल्या विरार लोकलचं गणितही थोडंफार असंच. फक्त ती चुकली की आपण नाचत नाही, रिक्षावाल्याशी हुज्जत घालतो.

मग दहिसर ओलांडलं की नाचायचं कुठे? २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांच्या वर गेलेलं हे शहर. इथे होंगदे नाही, पण नाच आहे. तीन ठिकाणी आणि तीन तऱ्हांचा.

हायवे: पाटीमागची गोष्ट

काशीमिऱ्याच्या नाक्यावरून जाताना लाल-निळ्या दिव्यांच्या पाट्या दिसतात, ‘ऑर्केस्ट्रा बार’. पाहुण्याला वाटतं, हाच इथला नाइटक्लब. तसं नाही. इथे परवाना असतो तो गाण्याचा. स्टेजवर कलाकार गातात, तुम्ही बसून ऐकायचं. तुमच्यासाठी डान्स फ्लोअर नाही.

या पाटीमागे मोठी कहाणी आहे. ऑगस्ट २००५ मध्ये राज्यात डान्स बारवर बंदी आली. सुमारे ७५ हजार बारबालांचा रोजगार बुडतोय, असा आकडा तेव्हा सांगितला जायचा. गंमत बघा, तीन किंवा त्याहून जास्त तारे असलेल्या हॉटेलांना बंदीतून सूट होती. म्हणजे नाच तोच, पण झुंबर महाग असेल तर चालेल! हाच भेदभाव कोर्टाला खटकला. २००६ मध्ये हायकोर्टाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. सरकारने २०१६ मध्ये नवा कायदा आणला. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या. टिप देता येईल, पण नोटा उधळायच्या नाहीत. वेळ संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा.

ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष, अशीही एक अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोर्टाने ही स्त्री-पुरुष वाटणी रद्द केली, एकूण आठची मर्यादा तेवढी ठेवली. बाईने कुठे काम करायचं हे तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवू नये, हा त्यातला मुद्दा. तेव्हा इथे गेलात तर एक पथ्य पाळा. समोरची गायिका कामावर आहे, तुमच्यासारखीच. तुमच्या ऑफिसात कुणी मोबाइल काढून तुमचं शूटिंग केलं तर चालेल का?

मैदान: दोन ताळी, तीन ताळी

शहराचा खरा डान्स फ्लोअर मात्र वर्षातून नऊ रात्रींचाच. नवरात्रात भाईंदरच्या मैदानांत आणि सोसायट्यांच्या आवारांत गरबा रंगतो. गुजराती, मारवाडी, मराठी सगळे एकाच गोलात. ओळख लागत नाही, जोडीदार लागत नाही. पहिल्या फेरीत पाय अडखळतात, तिसऱ्या फेरीत जमतं. शेजारच्या काकू शिकवतात, तेही फुकट.

आणि इथे एक गोष्ट क्लबवाल्यांनी शिकण्यासारखी आहे. मुलगी एकटी नाचायला आली म्हणून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. कारण मैदान उजेडात असतं आणि गोलात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या असतात. लाउडस्पीकर एरवी रात्री दहाला बंद. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत.

बंदर: उत्तनचा बँड

भाईंदर पश्चिमेहून बस पकडून उत्तनला उतरलात की शहर मागे पडतं. होड्या, वाळत घातलेले बोंबील, चर्च. ही ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या रात्री ‘उंबराचं पाणी’ आणायला वाजतगाजत निघतात, आणि बँडचा ठेका सुरू झाला की लुगड्यातल्या आजीही थांबत नाहीत. इथे तिकीट नाही, ड्रेस कोड नाही. पण आमंत्रण हवं. उत्तनचा मित्र असेल तर त्याच्या घरच्या लग्नाची तारीख आत्ताच विचारून ठेवा. नसेल तर दिवसा या, मासळी खा, चौकच्या किल्ल्यावरून सूर्यास्त बघा. परक्याच्या लग्नात घुसायचं नाही, हे सांगायला नको.

निघण्याआधी

- महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि बाकी मद्यासाठी २५ पूर्ण हवं.
- पिऊन गाडी नको. पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.
- कुठल्याही क्लबात शिरलात की आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघा. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इतेवॉनच्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरीत १५९. शहर कितीही चकाचक असो, दार बंद किंवा गल्ली चिंचोळी असेल तर रात्र घात करते.
- परतीचं आधी ठरवा, नाच नंतर. ग्रुपमधली शेवटची व्यक्ती घरी पोहोचल्याचा मेसेज आला की मगच मोबाइल बाजूला ठेवा.

सोलची पोरं पहाटेपर्यंत नाचतात, कारण पहिल्या गाडीने आपण घरी पोहोचू याची त्यांना खात्री असते. आपल्याकडे क्लब आज ना उद्या येतीलच. ती खात्री आधी यायला हवी. तोवर नवरात्र आहे, उत्तनचा बँड आहे, आणि दोन ताळी तर ऑफिसच्या पँट्रीतही शिकता येते!