मक्याच्या भुशावर

उंच उडी शिकवताना मी पोरांना आधी पडायला लावतो. गादीकडे पाठ करून उभं राहायचं, हनुवटी छातीशी आणि अंग मागे सोडून द्यायचं. बहुतेक पोरं ऐन वेळी कंबर मोडून बसतात. हीच खोड पुढे दांडीवर दिसते: खांदे पार जातात आणि बसकी कंबर दांडी घेऊन खाली येते. लोक टाचा उचलायला सांगतात, पाठ वाकवायला सांगतात. मुळात ती पाठीवर पडायची भीती असते.

मी शिकलो वाळूच्या खड्ड्यावर. वाळूत कात्री मारून पायांवर उतरता येतं. एकदा हट्टाने पाठीवर पडलो आणि श्वासच कोंडला. पुढे कितीतरी दिवस शेवटच्या दोन पावलांना धाव आपोआप आखडायची. १९६८ साली मेक्सिकोत डिक फॉसबरीने पाठीवरून २.२४ मीटर ओलांडले, तेव्हा खाली फोमची गादी होती, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या चांदवडकडे फोम कुठला? पण मका उदंड. देवरगावच्या उंच उडीपटू सर्वेश कुशारेसाठी त्याचे प्रशिक्षक रावसाहेब जाधव सरांनी मक्याचा भुसा भरून गादी केली. भुशाच्या गादीचा स्वभाव मला ठाऊक आहे. दोन उड्यांत मधोमध खळगा पडतो, भुसा कडेला पळतो, पुढच्याने धाव घेण्याआधी तो हातांनी लोटून सारखा करावा लागतो. मानेत कुसं टोचतात. भिजला तर आंबूस वास सुटतो. पण पाठ शेकत नाही, आणि पोर पुन्हा धावायला तयार होतं. मला तेवढंच हवं असतं.

सर्वेश पुढे सैन्यात गेला. २०१९ला काठमांडूत दक्षिण आशियाई सुवर्ण, २०२२च्या राष्ट्रीय स्पर्धेत २.२७, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २.२६ मारूनही चौथा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर २.१५वरच थांबला, ती रात्र मला जड गेली. मग १६ सप्टेंबर २०२५, टोकियो. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय. २.२८ पार, सहावा! मी त्याची कंबर बघत होतो. दांडीवरून गेली तेव्हा ती कुठेच बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सातवीतली एक मुलगी गादीकडे पाठ करून उभी राहिली. दोनदा मागे वळून पाहिलं, मग पडली. उठली, केसांतली कुसं झटकली आणि न सांगता भुसा मधोमध लोटू लागली. रांगेत पुढची मुलगी उभी होती.