बंडीचा मध्य

बंडी भरणं ताकदीचं काम नाही, अंदाजाचं आहे. आमच्या कुहीकडून सांजेला बैल जुपले की दिवस निघता निघता इतवारी. जाताना मिरचीची पोती असत. मिरची फुगीर पण हलकी, ती कोणीही रचते. परतीचा माल अवघड. मिठाचं पोतं, तेलाचा पिपा, लोहाओळीतलं लोखंड. दिसायला सारखे डाग, वजनात जमीन-अस्मानाचा फरक.

दोन चाकांची बंडी म्हणजे तराजूच समजा. आखाच्या मागं वजन गेलं की बंडी उलार होते, जू वर उचलते अन् जोतं बैलाच्या नरड्याला आवळते. लय पुढं आलं तर सारा भार खांद्यावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हळद-लोणी लावून बैलाचा खांदा शेकतो. वर्षभर मात्र तो खांदा बंडी भरणाऱ्याच्या हाती असते.

मी दहावी झालो त्या साली बाबांनी विहिरीसाठी डिझेल इंजिन घेतलं. पाच हॉर्सपॉवरचं, एका अंगाला हे जाड फ्लायव्हील. उजव्या बैलाच्या खांद्याची जखम नुकतीच भरली होती अन् पुढं बारा-तेरा कोसांची वाट. हमालांनी इंजिन उचललं आणि बरोबर बंडीच्या मधोमध ठेवलं.

बाबा म्हणाले, "उतरवा."

"मधात तर ठेवलं ना भाऊ!"

"वस्तूचा मध्य नाई, वजनाचा मध्य पाहा लागते."

हमाल चिडले, पण उतरवलं. इंजिन दोन जाड लाकडांवर कसलेलं होतं. बाबांनी त्याखाली एक गोल ओंडका सारला अन् इंजिन मागंपुढं ढकलत राहिले. एका जागी ते इकडंही झुकेना, तिकडंही झुकेना. तिथं कोळशानं खूण केली. मग आडवं धरून तसंच पुन्हा. फ्लायव्हीलकडची खूण मध्यापासून चांगली वीतभर सरकलेली निघाली. ती आखाच्या चार बोटं पुढं येईल असं इंजिन ठेवलं, गवताच्या पेंढ्या ठासल्या, दोर दोन्हीकडून आवळला. शेवटी बाबांनी एका हातानं जू उचलून पाहिलं. थोडं जोर लावूनच उठलं पाहिजे. आपोआप उठलं तरी वाईट, उठलंच नाही तरी वाईट. जखम उघडली नाही.

बंड्या गेल्या, तराजू राहिला. आंभोऱ्याकडं गोसीखुर्दचं पाणी पसरलं तशा तिकडं मोटरवाल्या नावा आल्या. मागच्या उन्हाळ्यात एक नाव दुरुस्तीला न्यायची म्हणून पोरांनी दोनचाकी ट्रॉलीवर चढवली. टेपनं लांबी मोजून अगदी मधात. मोटर तर मागच्या टोकाला! ट्रॉलीचं तोंड आभाळाकडं, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी झालेली.

मी म्हटलं, हातभर पुढं सरकवा. एक पोरगा म्हणे, "आबाजी, नावेतलं तुम्हाले काय समजते?"

म्हटलं, नावेतलं नाही समजत. सरकवून तर पाहा.

सरकवली. हूक खाली बसला.