सोन्याची खाण आणि बुधवार पेठेतली शाळा

शाळेची सहल म्हणजे काय हे पुण्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लाल एसटी, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, आणि बाईंचा एकच मंत्र : 'रांगेत चला, कशालाही हात लावू नका.' राजा केळकर संग्रहालय आम्ही असंच पाहिलं. दिवे, अडकित्ते, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी जन्मभर एकेक वस्तू गोळा केली. मोठं काम आहे, वादच नाही. पण आम्हा पोरांसाठी सगळं काचेपलीकडे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. २०२३ मध्ये मी दोन-तीन महिने ऑनसाईट म्हणून मेलबर्नला होतो. तिथे माझी मावसबहीण राहते. वीकेंडला ताईकडे वरणभात हे ठरलेलं. तिची मुलगी तेव्हा प्राथमिकच्या वरच्या वर्गात होती आणि तिच्या शाळेचा कॅम्प बॅलरॅटला जाणार होता, मेलबर्नपासून साधारण ११० किलोमीटरवर. तिथे 'सॉव्हरिन हिल' नावाचं संग्रहालय आहे. १९७० साली उघडलेलं. संग्रहालय म्हणायचं खरं, पण ते एक अख्खं गाव आहे. १८५१ मध्ये या भागात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावत आली, त्या काळातलं. लोहार, मेणबत्त्या करणारे, घोडागाड्या, लाल डगलेवाले शिपाई, सगळे खरे, चालते-बोलते.

आणि शाळा! मुलांना १८५० च्या दशकातले कपडे घालतात, पोरींना लांब झगे आणि टोप्या, आणि दोन दिवस त्या काळातल्या शाळेत बसवतात. टाक-दौत, सुंदर अक्षर, मुलींना शिवणकाम. त्या काळच्या शिक्षिकेच्या भूमिकेतल्या बाई कडक चेहऱ्याने दरडावतात. भाची परत आली ती एकदम शहाणी होऊन. पुढच्या रविवारी तिनेच आम्हाला तिथे नेलं. गाईड ती, तिकिटं ताईची, आणि थंडीने काकडणारा मी.

तिथे ओढ्यात सोनं शोधता येतं. परात घ्यायची, वाळू-पाणी भरायचं आणि गोल गोल हलवायचं. यातलं गणित मला फार आवडलं. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पटींहून जास्त, साध्या वाळूची अडीच-पावणेतीन पट. त्यामुळे वाळू काठावरून वाहून जाते आणि सोनं तळाशी बसतं. (ओढ्यात सोन्याची बारीक कणी संग्रहालयवालेच टाकून ठेवतात, हे भाचीने मला कानात सांगितलं.) अर्ध्या तासाने माझ्या परातीत टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी चमकलं. तेवढ्यावर मी नोकरी सोडणार नव्हतो, पण तेव्हाच्या माणसांनी का सोडली हे मात्र कळलं.

भाची पाठ केल्यासारखं सांगत होती. खणायचा परवाना महिन्याला ३० शिलिंग, सोनं सापडो न सापडो. त्यावरून चिडलेल्या खाणकामगारांनी ३ डिसेंबर १८५४ ला युरेका इथे सरकारी फौजेशी लढाई केली. मग आम्ही चिनी लोकांच्या तंबूंकडे गेलो. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने बोटीने येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर १० पौंड कर बसवला. तो चुकवायला ते शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियात उतरायचे आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत यायचे. आणि या सगळ्यांच्या आधी ही जमीन ज्यांची होती, ते वाडावुरुंग लोक...

तिथे भाची थांबली आणि म्हणाली, "मामा, मी दोन दिवस इंग्लिश मुलगी झाले होते. पण १८५० मध्ये मी पुण्यात असते तर कुठल्या शाळेत गेले असते?"

आता काय सांगणार?

त्या डिसेंबरच्या शेवटी ताई आणि भाची पुण्यात आल्या, तेव्हा मी तिला उत्तर दाखवायला घेऊन गेलो. आधी विश्रामबागवाडा. इथे १८२१ मध्ये इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. इमारत सुंदर, कोरीव खांब वगैरे. भाचीने विचारलं, "मी इथे आले असते?" नाही. मुली नाहीत आणि मुलांमध्येही सुरुवातीला फक्त ब्राह्मण. मग तिथून चालत दगडूशेठ गणपतीसमोर. इथे भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक शेण-चिखल मारायचे, म्हणून त्या जादा लुगडं बरोबर ठेवायच्या, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वाडा कित्येक वर्षं मोडकळीला आलेला होता, कोर्टात अडकलेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ४-५ डिसेंबर २०२३ च्या रात्री महापालिकेने तो पाडला, स्मारकासाठी. आम्ही पोचलो तेव्हा तिथे मोकळी जागा होती. बॅलरॅटला नसलेलं गाव नव्याने उभं केलेलं, आणि आपल्याकडे असलेली शाळा पडलेली. भाची काही बोलली नाही. मीही नाही.

नंतर मी विचार करत राहिलो. समजा इथे तसा कॅम्प काढला तर? कोल्हापूरजवळ कणेरी मठावर जुन्या गावगाड्याचं मोठं संग्रहालय आहे, बारा बलुतेदार, शेतकरी, सगळे. पण ते पुतळे आहेत. पुतळ्याला आपली भूमिका आवडली का, असं विचारावं लागत नाही. मुलांना विचारावं लागेल. चाळीस मुलांचा वर्ग, चिठ्ठ्या टाकायच्या : तू पाठशाळेत बस, तू बाहेर उभा राहा, तू शेण मार. बॅलरॅटमध्ये संध्याकाळी झगा काढला की भाची पुन्हा भाची. आपल्याकडे मात्र त्या चाळिसात एखादं पोर असं असेल, की ज्याच्या पणजीला खरंच बाहेर उभं केलं होतं. त्याच्यासाठी ते नाटक नाही. कपडे उतरवले तरी ती भूमिका उतरत नाही.

मग काय, कॅम्प काढायचाच नाही? मला तसं वाटत नाही. कारण याच गोष्टीत मुक्ता साळवे आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये, म्हणजे तिकडे चिन्यांवर कर बसला त्याच वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने त्यात विचारला. डोक्यावर छप्पर नसताना, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल लिहिले. शाळकरी मुलीने! आम्ही त्या वयात 'माझा आवडता पक्षी' लिहीत होतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. त्या जागेवर स्मारकात पुतळे, फोटो, फलक जरूर असोत. पण एक खोली अशी ठेवा, जिथे काच नाही. जमिनीवर बसायचं, हातात पाटी. कोणाला कुठल्या जातीची चिठ्ठी नको. सगळ्यांना भूमिका एकच, मुक्ताची. आपल्या घरातल्या, आपल्या गल्लीतल्या माणसांचं दुःख काय आहे आणि ते कोणामुळे आहे, ते दहा ओळींत लिहायचं. आणि मग ते मोठ्याने वाचायचं.

परातीत वाळू वाहून जाते आणि जड असेल ते तळाशी राहतं. मुलांना हलवू तर द्या.