बाईसाहेबांचा पहिला उन्हाळा

तान्हे मूल बरोबर घेऊन प्रवासाला निघू नये, असे सांगणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक, ज्यांनी तसा प्रवास कधीच केलेला नाही. आणि दुसरी, ज्यांनी तो आई म्हणून केलेला आहे. पहिल्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही. दुसऱ्यांचे म्हणणे मात्र खरे असते; पुष्कळ वर्षे मी त्यांच्यातच मोडत होते. परंतु ह्या दोघांखेरीज एक तिसराही वर्ग आहे आणि त्याचे मत कोणी विचारीत नाही. तो आज्यांचा. ह्या उन्हाळ्यात मी त्या वर्गात रीतसर दाखल झाले, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे, की बाई गं, प्रवास करावा तर आठ महिन्यांच्या नातीबरोबर!

आमच्या बाईसाहेब गेल्या सप्टेंबरात जन्मल्या. बारशाला नाव चांगले ठेवले आहे. पण ते कागदपत्रांवरच शोभून दिसते. पाळण्यात पडल्यापडल्या चार मोठ्या माणसांना कामाला लावणाऱ्या व्यक्तीला घरात दुसरे काय म्हणणार? मार्चमध्ये सुनेची बाळंतपणाची रजा संपली. २०१७ सालापासून ती कायद्याने सव्वीस आठवडे झाली आहे. माझ्या वेळी बारा आठवडे झाले, की हजेरीपटावर सही करावी लागे. सून कामावर गेली आणि दिवसाचे राज्य माझ्याकडे आले.

त्याच महिन्यात मुलाने जेवताना सांगितले, की त्याची नेमणूक जर्मनीत म्युनिकला झाली आहे आणि ऑगस्टमध्ये तिघांनीही जायचे आहे. आनंदाची बातमी होती, मी साखर वाटली. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर बोट ठेवून मोजले. एप्रिल, मे, जून, जुलै. त्यातले जून आणि जुलै पावसाने नेलेले. म्हणजे हातात राहिला तो उन्हाळा.

"तिला जे दाखवायचं ते ह्या दोन महिन्यांत," मी ह्यांना म्हटले.

हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "आठ महिन्यांच्या पोरीला काय दाखवणार तू? तिला काय आठवणार आहे त्यातलं?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी पिशवी भरायला घेतली.

आता मुंबईचा उन्हाळा म्हणजे काही थट्टा नव्हे. तेव्हा नियम ठरले : सकाळी नवाच्या आत घरी, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर बाहेर. माझ्या दोन जुन्या मलमलच्या साड्या फाडून झबली शिवली. नव्या कापडाला तो मऊपणा कुठून येणार! पिशवीत नाचणीच्या सत्त्वाचा डबा, उकळून गार केलेले पाणी, वाटी-चमचा, टोपरे. सासूबाई प्रवासाला निघताना बाळाला मधाचे बोट चाटवीत. आता डॉक्टर वर्षाच्या आत मध नकोच म्हणतात. सुनेने तसे सांगताच बरणी वरच्या फळीवर गेली. मधावरून सुनेशी वाद घालण्याइतका उन्हाळा माझ्याजवळ शिल्लक नव्हता.

आरंभ शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून झाला. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची मोठी पलटण असते. त्यांच्या गप्पा गुडघे आणि रक्तशर्करा ह्यांपलीकडे सहसा जात नाहीत. पण बाईसाहेब कडेवर दिसल्या, की एकेकजण 'डोकं कुठाय, नाक कुठाय' करायला लागे. आठवडाभरात तिच्या ओळखी माझ्यापेक्षा जास्त झाल्या.

मग राणीची बाग. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र राणीची बागच बसली आहे. तिथे आता पेंग्विन आहेत. २०१६ साली ते दक्षिण कोरियाहून आले आणि पुढच्या वर्षी लोकांना पाहायला खुले झाले. ते बिचारे गार काचेआड एकापाठोपाठ एक सूर मारीत होते, आणि आमच्या बाईसाहेब त्यांच्याकडे पाठ करून, रांगेतल्या एका गृहस्थांच्या टकलाकडे एकाग्रतेने पाहत होत्या. त्यांनीही मोठ्या मनाने ते खाली वाकवून दिले.

तिला खरा आवडला तो दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' नाव दिले, तो हा हत्ती. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचे ठरवले. पण उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून त्याला ह्या बागेत उभे केले. जोडाच्या रेषा अजून दिसतात. बाईसाहेब त्याच्याकडे पाहून 'आऽ' म्हणाल्या; पेंग्विनांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मला मात्र तो हत्ती पाहताना भलतेच वाटून गेले : विलायतेला निघालेला, आणि राहिला. ते मी कोणाला बोलून दाखवले नाही.

माथेरानला दोनच दिवस जाऊन आलो. नेरळहून निघणारी ती दोन फूट रुळांवरची इवलीशी गाडी १९०७ सालापासून डोंगर चढते आहे. तिच्या वाटेवर एकच बोगदा लागतो आणि तोही इतका आखूड, की इंग्रजांनी त्याला 'वन किस टनेल' म्हटले. अंधार झाला तसा मी नातीचा पापा घेतला. उजेड आला तेव्हा पाहते, तर दुसऱ्या गालाचा ह्यांनी घेतलेला! चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना चारचौघांत इतके धीट पाहिले नव्हते. माथेरानच्या लाल मातीबद्दल इतकेच सांगते, की बाईसाहेबांनी ती चाखून पाहिली.

पण हे सगळे किरकोळ. खरा प्रवास ठरवला होता तो रत्नागिरीचा. तिथे खाडीपलीकडे माझे माहेर आहे, भाऊ-वहिनी आहेत, आणि सत्त्याऐंशी वर्षांची आई आहे. तिने अजून पणतीचे तोंड फोटोतच पाहिले होते. ऑगस्टनंतर ते प्रत्यक्ष केव्हा पाहता येईल, हा हिशेब आम्ही कोणीच मोठ्याने केला नाही. पण चौघांनाही रजा मिळाली आणि तिकिटेही मिळाली, ह्यावरून प्रत्येकाने तो मनात केला असावा.

तिकिटावरून सांगते. पाच वर्षांच्या आतले मूल वेगळी जागा न घेता रेल्वेत फुकट जाते. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना निम्म्या दराची सवलत होती, ती २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. म्हणजे माझे पूर्ण आणि तिचे शून्य. दोघींची सरासरी काढली, तर अर्धेच पडले. मी ह्यांना तसे समजावून सांगितले.

ह्याच वाटेने मी १९८८ च्या मे महिन्यात मुलाला घेऊन गेले होते. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पुरी होऊन सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. रात्रीची एस्टी, मागचे बाक आणि मांडीवर आठ महिन्यांचे मूल. माणगाव कधी गेले, महाड कधी गेले, मला पत्ता नाही. कशेडीच्या घाटात त्याला दोनदा उलटी झाली. कोरडी दुपटी किती उरली, दूध नासले तर नाही ना, शेजारचे गृहस्थ कपाळाला आठ्या घालताहेत का, ह्यापलीकडे त्या रात्री मला जगात काही दिसले नाही. मूल मांडीवर होते आणि त्याच्या तोंडाकडे पाहायला मला सवड नव्हती.

ह्या खेपेस ती सगळी मोजणी सुनेकडे होती. पनवेल सोडेपर्यंत तिने पिशवी तीनदा उघडून पाहिली, मग मीच ती माझ्या पायाशी ओढून घेतली आणि म्हटले, "तू पड जरा." "आई, ती रडली तर उठवा हं," असे म्हणता म्हणता तिचा डोळा लागला. मांडवी एक्सप्रेस खाण्यासाठी नावाजलेली. मुलगा आणि हे दर पंधरा मिनिटांनी काहीतरी विकत घेण्यात गुंतले होते. राहिलो आम्ही दोघी आणि खिडकी. सावित्री गेली, वाशिष्ठी गेली. बाईसाहेबांनी काचेला नाक लावून नद्यांची पाहणी केली, आणि मी बाईसाहेबांची.

ह्या मार्गावर नव्वदांहून जास्त बोगदे आहेत. पहिल्या दोन-तीनांना ती दचकली, माझा पदर घट्ट धरला, मग सरावली. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटर लांबीचा. माथेरानचा एका पाप्याचा, तर हा मिनिटांनी मोजावा असा. बाहेर काळोख झाला, आत दिवे होतेच, आणि खिडकीच्या काचेचा आरसा झाला. त्यात एक टोपरे घातलेले तोंड आणि त्यावर एक पांढऱ्या केसांचे. तिने काचेतल्या आजीकडे पाहिले, मग वळून माझ्याकडे पाहिले, पुन्हा काचेत. दोन आज्या! हा शोध तिला इतका आवडला, की ती खदखदून हसायला लागली आणि काचेवर थापा मारू लागली. समोरचे प्रवासी हसले, सून जागी झाली. बोगदा संपला, ऊन आत आले आणि काचेतल्या दोघी नाहीशा झाल्या. बाईसाहेब त्या जागी बोट लावून कितीतरी वेळ शोधीत होत्या.

माहेरच्या चार दिवसांचे वर्णन करीत नाही. ज्यांना माहेर आहे त्यांना ते ठाऊक आहे. पणतवंडाचे तोंड पाहिले, की सोन्याची फुले उधळायची आपल्याकडे रीत. सोन्याचा भाव पाहता भावाने परसातल्या सोनचाफ्याची फुले सुपात आणून ठेवली. आईच्या केसांवर ती उधळली, तेव्हा बाईसाहेबांनी त्यांतले एक तोंडात घातले आणि थुंकले. हापूसचा रस मात्र थुंकला नाही.

संध्याकाळी ओटीवर आई तिला पायांवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "तूही एवढीच होतीस गो. खाडीवर पूल नव्हता तेव्हा. तुझ्या आजीच्या मांडीवर बसून तरीतून आलीस, नि सगळी वाट पाण्यात हात घालून हसत होतीस. तरवाला म्हणाला, पोर खाडी उपसणार आज."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. मला त्यातले काही आठवत नाही. आठवणे शक्यही नाही. तरीही ती तर, पाण्याचा गारवा, आजीचे हिरवे लुगडे, असे सगळे मला दिसते. लुगडे हिरवे होते असे आईने कधी सांगितलेले नाही. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे शेजारी आंबा चोखीत बसले होते. काही बोलले नाहीत.

ऑगस्टात ते तिघे गेले. विमानतळावर जे व्हायचे ते झाले. आता रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर आमची भेट होते. म्युनिक आपल्या मागे साडेतीन तास, आणि ह्या ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळे मागे गेली, की साडेचार. बाईसाहेब आता धरून धरून चालतात. बोलणे मुख्यतः पडदा चाटण्याचे असते.

गेल्या आठवड्यात सुनेने एक चित्रफीत पाठवली. भुयारी गाडीत बाईसाहेब आईच्या मांडीवर बसल्या आहेत. गाडी अंधारात शिरते, काचेचा आरसा होतो. ती काचेत बघते, मग मान वळवून आईच्या तोंडाकडे बघते; पुन्हा काचेत, आणि खदखदून हसते.

ह्यांनी ती चित्रफीत चार वेळा पाहिली. मग चष्मा पुसून म्हणाले, "मे महिन्यात येतो म्हणाले ना ते? रेल्वेचं आरक्षण हल्ली किती दिवस आधी सुटतं?"

"साठ," मी म्हटले. "पूर्वी एकशेवीस होतं; २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ केलं."

"म्हणजे मार्चात," हे म्हणाले, आणि उठून कॅलेंडर शोधायला लागले. नव्या वर्षाचे अजून आणलेले नाही.